टोमॅटो पिवळा पडला की लगेच मिक्स मायक्रो मारू नका, आधी कोण कोणाला अडवतंय ते बघा

शेंडा पिवळा दिसला की दुकानातून मिक्स मायक्रोन्यूट्रिएंटची, म्हणजे लोह, झिंक अशा सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणाची, पुडी येते, पंपात जाते, आठवड्याने थोडं हिरवं दिसतं आणि पंधरा दिवसांनी परत तेच. नगर, नाशिक, पुणे, सोलापूर या काळ्या चुनखडीच्या पट्ट्यात हे दर सीझनला बघायला मिळतं. माझं म्हणणं सरळ आहे, की आपल्या इथे बहुतेक वेळा अन्नद्रव्य जमिनीत नसतंच असं नाही, ते दुसऱ्या कशाने तरी अडवलेलं असतं. आणि अडवणारं बऱ्याचदा आपणच पैसे देऊन टाकलेलं असतं. त्यामुळे कमतरता कुठली एवढं ओळखून भागत नाही, ती कशामुळे आली ते शोधावं लागतं. नाहीतर एक भरायला जाल आणि दुसरी उघडी पडेल.

लोहाचंच घ्या. काळ्या जमिनीत एकूण लोह टक्क्यांत मोजावं इतकं असतं, पण माती परीक्षणात जे उपलब्ध लोह येतं ते पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग), आणि 4.5 पीपीएमच्या खाली आलं की कमतरता धरतात. म्हणजे खजिन्यावर बसून पीक उपाशी! पीएच 8 च्या वर, त्यात मुक्त चुना, त्यात बोअरचं बायकार्बोनेटचं पाणी, मग लोह मुळाला घेता येईल अशा रूपात राहतच नाही.

पहिलं काम, पान नीट बघा. पिवळेपणा कुठल्या पानावर आहे यावरून अर्धं कळतं. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम हे झाडात फिरतात, कमी पडले की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं आधी खराब होतात. लोह, मँगनीज, तांबं, बोरॉन, कॅल्शियम हे एकदा पानात गेले की सहसा तिथेच राहतात म्हणून नवीन शेंड्यावर दिसतं, झिंक मधलं आहे पण तेही वरच्याच बाजूला दिसतं. लोह कमी असेल तर अगदी कोवळं पान पिवळं आणि त्यातली बारीक बारीक शीरसुद्धा हिरवी जाळी काढल्यासारखी दिसते, कमतरता वाढली की पान पांढरट पडतं. मँगनीजमध्ये शिरेच्या दोन्ही बाजूला हिरवा पट्टा जरा रुंद राहतो आणि पिवळा रंग मळकट असतो, पानही शेंड्यापासून एक-दोन खालचं. झिंकमध्ये पिवळेपणापेक्षा आकार बघा, पानं बारीक, दोन पेऱ्यांमधलं अंतर कमी, शेंडा गुच्छासारखा. मॅग्नेशियमचं चित्र मँगनीजसारखंच दिसतं पण ते खालच्या पानावर, एवढ्या एका फरकावर लोक फसतात.

आणि व्हायरसची गल्लत करू नका, हे महत्त्वाचं. कमतरता सहसा पट्ट्यात येते, जिथे चुनखडी वर आहे किंवा पाणी साचतं तिथली सगळीच झाडं कमीजास्त तशीच दिसतात, आणि पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. व्हायरसमध्ये एक झाड गेलेलं आणि शेजारचं टवटवीत, पान वेडंवाकडं, रंगाचे ठिपके कसेही. 2020 च्या उन्हाळ्यात नारायणगाव, संगमनेर भागात टोमॅटोची फळं नीट न पिकता तीन रंगाची व्हायला लागली तेव्हा सुरुवातीला कोणी पालाश म्हणालं, कोणी बियाणं म्हणालं, सॅम्पल तपासल्यावर त्यात व्हायरस सापडले. अशा वेळी मायक्रोवर केलेला खर्च वायाच जातो.

आता मुख्य भांडणं कुठली ते सांगतो.

सगळ्यात मोठं भांडण स्फुरद आणि झिंकचं. बेड भरताना डीएपी किंवा 10:26:26, लागवडीनंतर 12:61, मग 13:40:13, फुलोऱ्यात 0:52:34, असं वर्षानुवर्षे चालू आहे (हे आकडे म्हणजे खतातल्या नत्र, स्फुरद, पालाशचे टक्के, डीएपीतही स्फुरदच जास्त) आणि स्फुरद जमिनीतून वाहून जात नाही, साठत जातो. तो जास्त झाला की मुळाकडून झिंक कमी उचललं जातं, झाड स्फुरदाने वाढलं की असलेलं झिंक पातळ होतं, आणि मुळाला चिकटून राहणारी जी मायकोरायझा बुरशी झिंक आणून देते तीही जास्त स्फुरदात मुळावर बसत नाही. (कोबी, फ्लॉवरच्या मुळावर ही बुरशी राहतच नाही, त्यामुळे त्यांना मायकोरायझा विकत घेऊन देण्यात काही अर्थ नाही.) पण खरी गंमत उलट दिशेला आहे. झिंक कमी असेल तर झाडाचा स्फुरदावरचा ताबा सुटतो, ते पानात भरमसाठ स्फुरद ओढत राहतं आणि जुन्या पानांच्या कडा करपतात. भेंडीवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलेलं आहे. शेतात याचा अर्थ असा, की शेंडा आखडलेला आणि खालची पानं करपलेली बघून कोणीतरी सांगतं मूळ चालत नाही, 12:61 सोडा, आणि आगीत तेल पडतं. म्हणून माती रिपोर्टमध्ये झिंक बघायच्या आधी स्फुरद बघा. आपल्याकडच्या वर्गवारीत हेक्टरी 35 किलोच्या वर असेल तर ते अत्यंत जास्त धरतात, अशा प्लॉटला एक सीझन बेडमध्ये डीएपी नाही टाकला तरी पीक मरत नाही. हाच जास्तीचा स्फुरद लोहालाही मुळाशी आणि झाडाच्या आत बांधून टाकतो, म्हणजे एका डीएपीने दोन कमतरता.

दुसरं लोह आणि मँगनीज. हे दोघं एकमेकांची जागा खातात. चुनखडीत दोन्ही कमी असतात, पण पानावर आधी लोहाची खूण उठून दिसते, तुम्ही ड्रीपमधून लोह जोरात दिलं की शेंडा हिरवा होतो आणि दोन आठवड्यांनी शेंड्याच्या खालच्या पानावर तो मळकट पिवळा ठिपकेदारपणा येतो. लोक म्हणतात औषधाचा असर उतरला, परत लोह देतात. तो असर उतरलेला नसतो, आता मँगनीज उघडं पडलेलं असतं. तिथे लोह थांबवून मँगनीज सल्फेटची एक फवारणी हेच उत्तर आहे.

तिसरं तांबं. ज्या जुन्या द्राक्षबागा काढून तिथे टोमॅटो, ढोबळी लावली जाते तिथे वर्षानुवर्षांच्या बोर्डो मिश्रणातलं तांबं मातीत बसलेलं असतं, त्यावर आपण पुन्हा कॉपर ऑक्सिक्लोराईडची आळवणी करतो. जास्तीचं तांबं लोह आणि झिंक दोघांनाही मागे ढकलतं आणि मुळं आखूड, जाडसर, तपकिरी करतं. रिपोर्टमध्ये तांब्याची गरज 0.2 पीपीएमची असते, तिथे त्याच्या कित्येक पट आकडा दिसला तर मायक्रोच्या मिश्रणात तांबं नसलेलंच घ्या आणि बुरशीनाशक बदला.

चौथं कॅल्शियम आणि बोरॉन, यावर जरा थांबू, कारण टोमॅटो आणि फ्लॉवरवाल्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. दोन्ही पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर जातात, आणि फळ किंवा गड्ड्यातून बाष्प कमी उडतं म्हणून तिथे कमी पोचतात. कॅल्शियम कमी पडलं की टोमॅटोच्या खालच्या टोकाला काळा चट्टा, बोरॉन कमी पडलं की पान ठिसूळ, फूलगळ, देठाजवळ खरखरीत भेगा, आणि फ्लॉवरमध्ये दांडा आतून पोकळ आणि गड्डा तपकिरी. चुनखडीत कॅल्शियम भरपूर असूनसुद्धा फळाला काळे चट्टे येतात, कारण प्रश्न मातीतल्या साठ्याचा नसून पोचण्याचा आहे, पाणी कधी तुडुंब कधी कोरडं, किंवा अमोनिअम आणि पालाश एकदम जास्त. आणि कॅल्शियम वाढवत गेलात की बोरॉनची गरजही वाढते, म्हणून नुसतं कॅल्शियम नायट्रेट सोडत राहण्यापेक्षा त्याच आठवड्यात बोरॉनचा हलका हात द्यावा. हलका म्हणजे खरंच हलका. 20 टक्केवालं बोरॉन लिटरला 1 ग्रॅम, त्याच्या पुढे नाही. बोरॉनमध्ये कमी आणि विषारी यातलं अंतर फार थोडं असतं, जास्त झालं तर जुन्या पानाच्या कडा जळतात, आणि फ्लॉवरला दिलेलं बोरॅक्स पुढच्या घेवड्याला बाधू शकतं कारण घेवडा बोरॉनला नाजूक आहे.

पालाश आणि मॅग्नेशियम पटकन सांगतो, मॅग्नेशियम मायक्रोत येत नाही पण गोंधळ तेच घालतं. फळं फुगायच्या वेळी 0:0:50 आणि 13:0:45 चा मारा झाला की खालच्या पानात शिरांमध्ये पिवळं पडतं. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला 5 ते 10 ग्रॅम फवारा आणि पालाश दोन भागांत विभागून द्या.

कोकणात आणि गोव्यात हे सगळं उलटं होतं. जांभा जमीन आंबट, तिथे लोह, मँगनीज भरपूर, कधी मँगनीज इतकं वर असतं की तेच लोहाला अडवतं. तिथे कमी पडतं मॉलिब्डेनम, जे एकटंच असं आहे की पीएच वाढला की जास्त मिळतं. फ्लॉवरचं पान नुसती मधली शीर राहून चाबकासारखं होतं ते यामुळे. मॉलिब्डेनम नसलं की झाड नायट्रेट वापरू शकत नाही, म्हणून नत्र कमी असल्यासारखं फिकट दिसतं आणि नायट्रेटचं खत कितीही दिलं तरी फरक पडत नाही. तिथे चुना टाकणं बरोबर आहे, पण हात सैल सोडून टाकला तर झिंक, बोरॉन अडकतं. देशावरची शिफारस कोकणात आणि कोकणातली देशावर, असं व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलू नका.

आता शेतात काय करायचं.

आधी चुना बघा. दोन-तीन ठिकाणची मुळाच्या खोलीची सुकी माती एका काचेच्या भांड्यात घ्या, त्यावर बाथरूम साफ करायचं ॲसिड पाण्यात पातळ करून चार थेंब टाका, हातमोजे घाला आणि ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये नाही. चर्र करून फेस आला की मुक्त चुना आहे, जितका फेस जोरात तितका जास्त. पिवळ्या पट्ट्यातली आणि हिरव्या पट्ट्यातली माती शेजारी शेजारी ठेवून केलं की फरक डोळ्याने दिसतो.

मग वाफसा बघा. मल्चिंगखाली हात घालून माती मुठीत दाबा, पाणी सुटत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. ओल्या चुनखडीत हवा नसते, मुळांचा आणि जीवाणूंचा कार्बन डायऑक्साइड अडकतो, त्याने चुना विरघळून बायकार्बोनेट वाढतं आणि लोह बंद होतं. झडीच्या पावसानंतर सगळा प्लॉट एकदम पिवळा पडतो तो याच कारणाने, आणि उघडीप मिळून वाफसा आला की काही न मारता बराचसा परत हिरवा होतो. ज्यांनी त्या आठवड्यात पुडी मारलेली असते ते श्रेय पुडीला देतात.

नंतर पान रंगवायची टेस्ट, माझ्या मते ही कुठल्याही रिपोर्टपेक्षा कामाची आहे आणि खर्च जवळपास काही नाही. चार बाटल्या घ्या. एकीत फेरस सल्फेट लिटरला 5 ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड 1 ग्रॅम, दुसरीत झिंक सल्फेट 3 ग्रॅम, तिसरीत मँगनीज सल्फेट 3 ग्रॅम, चौथीत मॅग्नेशियम सल्फेट 10 ग्रॅम. पाणी आरओचं किंवा पावसाचं घ्या, बोअरचं नको. सगळ्यात थेंबभर स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारं). सारख्या पिवळ्या झाडांवर संध्याकाळी ब्रशने किंवा कापसाने एकेका फांदीची दोन-तीन पानं रंगवा, वेगवेगळ्या रंगाची लोकर बांधून खूण करा, आणि तेवढीच पानं नुसत्या पाण्याने पण पुसा, तुलनेला लागतात. पाच ते आठ दिवसांनी बघा. लोह कमी असेल तर जिथे जिथे थेंब बसला तिथेच हिरवे ठिपके उठतात, बाकी पान पिवळंच, कारण लोह पानात सरकत नाही. हे एकदा डोळ्याने बघितलं की विसरत नाही. मँगनीजमध्ये रंगवलेलं पान बऱ्यापैकी एकसारखं सुधारतं. झिंकचं उत्तर जुन्या पानात शोधू नका, त्या फांदीचं पुढचं पान मोठं निघतं का ते बघा. आणि दोन बाटल्यांना उत्तर आलं तर समजा की दोन्ही कमी आहेत, मग जमिनीतलं कारण एकच, चुना किंवा ओल.

फवारणीला फेरस सल्फेट घेताना पुडी उघडून रंग बघा, फिकट हिरवा हवा. पिवळसर, तपकिरी भुकटी झाली असेल तर त्यातलं लोह गंजलेलं आहे, पान ते घेणार नाही. पंपातलं पाणी चहासारखं झालं तरी तेच. 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम, सोबत सायट्रिक ॲसिड 15 ग्रॅम, कोवळ्या पिकावर आधी निम्म्या डोसने दोन ओळी मारून बघा. झिंक सल्फेट 5 ग्रॅमने मारायचं तर निम्मा चुना विरघळवून गाळून मिसळावा नाहीतर पान भाजतं, चुना नको असेल तर झिंक ईडीटीए (हे चिलेट, म्हणजे अन्नद्रव्याला धरून ठेवणारं रूप) लिटरला अर्धा ते 1 ग्रॅम. सल्फेटवालं काहीही कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत टाकू नका, जिप्सम होऊन ड्रीपर बसतील, आणि 12:61, 0:52:34 सोबतही झिंक, लोहाचं सल्फेट नको, टाकीतच साका बसतो.

ड्रीपमधून लोह द्यायचं तर चिलेटचा प्रकार वाचा. ईडीटीए चिलेट साधारण साडेसहा पीएचपर्यंतच टिकतं, वर गेलं की चुनखडीतला कॅल्शियम ते पळवतो आणि लोह खाली पडतं. आपल्या 8 पीएचच्या जमिनीत ईडीटीए लोह ड्रीपने देणं म्हणजे पैसे पाण्यात. ते फवारणीला ठीक. जमिनीतून द्यायला ईडीडीएचए, पाणी लालभडक होतं तेच, महाग आहे पण एकरी अर्धा ते 1 किलो दोन हप्त्यांत दिलं तर खरंच काम करतं.

नत्र कुठल्या रूपात देता त्यानेही फरक पडतो. सगळं नायट्रेटने दिलं की मुळाजवळचा पीएच अजून वर जातो आणि लोह अजून अडकतं. थोडं अमोनियम सल्फेट दिलं की मुळाभोवती आंबटपणा येतो, लोह, झिंक, मँगनीज सुटतं. पण हेच फळं धरल्यावर जास्त झालं की अमोनिअम कॅल्शियमला आडवं येतं आणि काळे चट्टे वाढतात. म्हणून अमोनियम सल्फेट लागवडीपासून फुलोऱ्यापर्यंत, सेटिंगनंतर कॅल्शियम नायट्रेट.

गंधक टाकून चुना संपवू असं कोणी सांगितलं तर हिशेब करा. एकराची 15 सेंटीमीटर माती सुमारे 9 लाख किलो, त्यात 1 टक्का चुना म्हणजे 9 टन, तो संपवायला जवळजवळ 3 टन गंधक लागेल. आणि आपल्याकडे चुना 1 टक्क्यावर थांबत नाही. त्यामुळे पूर्ण रानात पसरण्यापेक्षा बेडच्या मधोमध शेणखताबरोबर पट्ट्यात एकरी 10-20 किलो द्या, मुळापुरती जागा सुधारली तरी पुष्कळ.

माती आणि पानाचं सॅम्पल देताना एक काळजी घ्या. मायक्रोसाठी माती गंजलेल्या खुरप्याने किंवा पत्र्याच्या बादलीत घेऊ नका, पत्र्यावर जस्ताचा थर असतो, रिपोर्टमध्ये झिंक फुगून येतं. प्लास्टिकची बादली, लाकडी किंवा स्टीलचं अवजार. आणि मॅन्कोझेब मारलेल्या प्लॉटचं पान देताना लॅबला तसं सांगा, मॅन्कोझेबमध्ये मँगनीज आणि झिंक दोन्ही असतात, पान नीट धुतलं नाही तर दोन्ही भरपूर दिसतात आणि झाड मात्र उपाशी असतं. रिपोर्टमध्ये झिंक 0.6, लोह 4.5, मँगनीज 2, बोरॉन 0.5 पीपीएम या रेषा लक्षात ठेवा, पण सोबत पीएच, मुक्त चुना आणि स्फुरद वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नका. झिंक 0.8 असलेल्या पण स्फुरदाने भरलेल्या प्लॉटला झिंक कमी पडू शकतं.

पुढच्या लागवडीला बेड भरताना एकरी 8 ते 10 किलो झिंक सल्फेट, 10 किलो फेरस सल्फेट आणि रिपोर्टमध्ये बोरॉन कमी असेल तरच 2 किलो बोरॅक्स, हे थेट मातीत फेकू नका. दहापट चांगलं कुजलेलं शेणखत घ्या, त्यात मिसळून पाणी शिंपडून ढीग सावलीत आठवडाभर झाकून ठेवा, शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोह, झिंकला धरून ठेवतात आणि चुन्याच्या हातात लगेच जाऊ देत नाहीत. मिक्स घ्यायचंच असेल तर सरकारी ग्रेड 1 जमिनीतून द्यायला आहे आणि ग्रेड 2 फवारणीला, उलटसुलट करू नका, आणि ग्रेड 1 मध्ये झिंक 5 टक्के, लोह 2 टक्के असतं, म्हणजे जिथे लोहाचाच प्रश्न आहे तिथे ते पुरणार नाही. डीएपी टाकायचाच असेल तर तो बेडच्या एका बाजूला आणि हा ढीग दुसऱ्या बाजूला, एकाच ओळीत दोन्ही ओतू नका.